पाहुण्यांचा कप

तार्तूची बस कल्लास्तेला थांबते.
तिथे रस्ता संपल्यासारखाच वाटतो, पुढे नुसतं तळं.
बर्फ मागच्या आठवड्यात फुटून गेला.
आता पाणी असं निळं
जसं हिवाळाभर काही घडलंच नाही.

मासे मोजायच्या ठाण्यावर मशीन एक, माणसं दोन.
दिवसा लीवी. तिचं विंडोज.
रात्री झिनोवी. त्याचं लिनक्स.
मधे एक रीस्टार्ट, टेबलावर कॉफीचा वाटोळा डाग,
आणि दोन जुळ्या डिस्क,
एकीवर लिहिलं की दुसरीवर उमटायलाच हवं
अशा बोलीवर बसवलेल्या.

बोली लिनक्सशी झाली होती.
विंडोजला कुणी सांगितलंच नाही.
त्याला दिसल्या दोन सुट्या डिस्क.
हाताला लागली ती त्याने उघडली
आणि मन लावून लिहीत बसलं.

चूक कुणाचीच नव्हती,
म्हणजे माझी होती.
मीच ते बसवलं तीन वर्षांपूर्वी,
शेवटची बस गाठायची म्हणून घाईघाईत.

झिनोवी म्हणाला, "मारिका, सतरा मार्चच्या बर्फाची जाडी विचार."
विचारली. एक्केचाळीस.
"आता बंद करून पुन्हा चालू कर."
अडतीस.
मी म्हटलं, असं होत नाही.
तो काहीच बोलला नाही. बाहेर जाऊन
होडीला डांबर लावत बसला.

मी पाहिलं: दोन्ही डिस्क हजर, दोन्ही निरोगी,
पडद्यावर एक लाल अक्षर नाही.
जेवताना दोघांनीच एकमेकांशी बोलणं सोडलेलं असतं
आणि खिडकीतले पडदे मात्र धुतलेले,
तसं ते.

लीवीला फोन केला.
"अडतीस चुकीचं होतं. त्याचा आठ नीट लागत नाही.
मीच सुधारलं, एका सकाळी."
झिनोवी दारातून म्हणाला,
"भोक मी पाडलं. पट्टी मी धरली. वजा एकोणीस होतं."

नवा आकडा कुठला, ते तारखेवरून कळतं.
खरा कुठला, ते नाही.
आणि बर्फ तर गेला.

दुपारी त्याच्या आत्याकडे जेवलो, फेव्रोनियाकडे.
खोलीभर कांद्याच्या वेण्या, धुरावलेला मासा,
आणि फळीवर एका कडेला एकटा कप.
पाहुण्यांचा.
घरच्या कपांना बाहेरच्यांचे ओठ लागत नाहीत,
तीनशे वर्षांची रीत त्यांची.
माझ्या आईला त्यातून कधी चहा दिला होता कुणी,
ती ते शेवटपर्यंत विसरली नाही.
मलाही झोंबलं. चहा मात्र गरम होता,
आणि ओतत होती ती एकटीच,
किटलीला दुसऱ्या कुणाचा हात नाही.

माणसांना लावायला ही रीत मला आजही पटत नाही.
डिस्कला लावली.

आधी दोघींच्या वेगवेगळ्या नकला काढल्या, काहीही न लिहिता.
मग त्या मशीनमधून सोडवून
कपाटातल्या एका लहान पेटीत ठेवल्या.
आता त्यांना हात लावते फक्त ती पेटी.
विंडोजने नेटवर्कवरून मागावं, लिनक्सनेही मागावं,
हवं ते मिळेल,
पण किटली कुणाच्या हाती द्यायची नाही.

सतरा मार्चचं राहिलं.
मी सरासरी काढणार होते. साडेएकोणचाळीस.
बोटं कीबोर्डवर होती.
तेवढी जाडी त्या तळ्यावर
कुणीही मोजली नव्हती.

मग दोन ओळी केल्या.
अडतीस, झिनोवी.
एक्केचाळीस, लीवी.
खाली शेरा लिहायला जागा होती, ती रिकामी सोडली.

बस यायला वेळ होता.
झिनोवीने कांद्याची एक वेणी आणून दिली
आणि म्हणाला, आठ मी नीटच काढतो.
कागद, पेन्सिल मागितली,
गुडघ्यावर ठेवून काढून दाखवला.

मी पाहिलं.
तो एकासारखा दिसत होता.